झाकून न्यायची अळंबी : वाउत्लाच्या डोंगरातील एका शोधयात्रेचा इतिहास

१/
२९ जून १९५५. मेक्सिकोतील वाहाका राज्याच्या उत्तरेस, ढगांत बुडालेल्या डोंगररांगेवर वसलेले वाउत्ला दे हिमेनेस हे गाव. न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष गॉर्डन वॉसन गावच्या कचेरीत शिरले. समोर बसलेल्या अधिकाऱ्याशी चार शब्द झाल्यावर ते पुढे झुकले आणि मासातेक भाषेतील एक शब्द त्यांनी हलक्या आवाजात उच्चारला. तो शब्द अळंबीचा होता.

२/
त्या भेटीतून पुढे बरेच काही निघाले. एका मासिकातला गाजलेला लेख, एका नव्या रसायनाचा शोध, अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याची एक फसलेली मोहीम, आणि या आडगावाकडे निघालेले परदेशी तरुणांचे लोंढे. शोधयात्रेच्या इतिहासात शोधणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले जाते. ज्यांनी वाट दाखवली त्यांच्या वाट्याला काय आले, हे पाहण्यासाठी हा थ्रेड.

३/
सुरुवात थोडी मागून करावी लागते. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागून या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने अझ्टेक समाजाची तपशीलवार माहिती नाहुआ लोकांकडूनच गोळा केली. त्यात व्यापाऱ्यांच्या एका मेजवानीचे वर्णन आहे. रात्री पाहुण्यांना मधाबरोबर अळंबी दिली जाई. मग कोणी नाचे, कोणी रडे, कोणाला आपले भविष्य डोळ्यांसमोर दिसे. या अळंबीला नाहुआ भाषेत ‘तेओनानाकात्ल’ असे नाव होते.

४/
स्पॅनिश धर्मसत्तेला हा प्रकार सैतानी वाटला. असे विधी करणाऱ्यांना शिक्षा होऊ लागल्या आणि विधी उघड्यावरून घरांच्या आत गेले. ते इतके खोल गेले, की १९१५ साली विल्यम सॅफर्ड या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने अशी अळंबी मुळात नव्हतीच, असे प्रतिपादन केले. जुन्या स्पॅनिश लेखकांनी वाळवलेल्या पेयोटे निवडुंगालाच अळंबी समजण्याची चूक केली, असे त्याचे म्हणणे होते. ग्रंथांतून विधी दिसेनासा झाला, म्हणून तो नव्हताच असे ठरले.

५/
मेक्सिकोत राहणारे ब्लास पाब्लो रेको यांना हे मान्य नव्हते. पुढे १९३६ साली रोबेर्तो वाइत्लानेर या अभियंता-मानववंशशास्त्रज्ञाला वाउत्लात अळंबीचे नमुने मिळाले, पण ते हार्वर्डला पोहोचेपर्यंत खराब झाले. १९३८च्या जुलैत जीन बॅसेट जॉन्सन आणि त्यांचे सहकारी वाउत्लातील एका विधीला हजर राहिले. अळंबी मात्र त्यांनी खाल्ली नाही. पुढच्याच महिन्यात हार्वर्डचे तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स शुल्टेस रेको यांच्यासह तिथे गेले आणि त्यांनी नमुने आणले.

६/
शुल्टेस यांचे लेख विद्वानांच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. तेवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले आणि विषय फायलींत पडून राहिला. ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वाउत्लाची अळंबी वॉसन यांनी ‘शोधली’ असे सर्रास लिहिले जाते. वस्तुतः गावकऱ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती आणि संशोधकांनाही तिचा पत्ता १७ वर्षे आधीच लागला होता. वॉसन यांनी तिला जगापुढे नेले, आणि पुढचा सगळा इतिहास त्या नेण्याचाच आहे.

७/
वॉसन या वाटेला लागले ते पत्नीमुळे. व्हॅलेंटिना पाव्हलोव्हना मूळच्या रशियन, पेशाने बालरोगतज्ज्ञ. १९२७च्या ऑगस्टमध्ये हे जोडपे न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरात फिरत असताना त्यांना रानात अळंबी दिसली. व्हॅलेंटिना हर्षाने धावल्या, ओटीभर अळंबी घेऊन आल्या आणि रात्री त्यांनी ती शिजवली. वॉसन यांनी घासही घेतला नाही. सकाळी आपण विधुर झालेले असू, अशी त्यांना धास्ती होती.

८/
एकाच वस्तूविषयी दोघांच्या मनांत इतका फरक का, या प्रश्नाने दोघांना झपाटले. काही समाज अळंबीवर प्रेम करतात आणि काही तिला घाबरतात, यामागे कोणती जुनी श्रद्धा दडली असावी, याचा शोध त्यांनी ३० वर्षे घेतला. १९५२ साली इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांनी त्यांना शुल्टेस यांच्या मेक्सिकोतील कामाची माहिती पाठवली. पुढच्याच वर्षी वॉसन कुटुंब वाइत्लानेर यांना सोबत घेऊन, खेचरांवर बसून वाउत्लात पोहोचले.

९/
वाउत्ला समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. पावसाळ्यात कडेकपारींतून धुके हलत नाही. मासातेक भाषेत स्वरांच्या चढउतारावर अर्थ ठरतो. त्यामुळे तिथले पुरुष केवळ शिट्टीच्या सुरांतून एका उतारावरून दुसऱ्या उतारावर बोलू शकतात. याच पावसात अळंबी उगवते. तिला मासातेक लोक थेट नावाने न संबोधता मायेने ‘आपणहून उसळून येणारी चिमुकली’ अशा अर्थाच्या शब्दाने ओळखतात.

१०/
हा काही चैनीचा वा गंमतीचा पदार्थ नव्हता. घरात कोणी आजारी पडले, औषधाने गुण येईना, हरवलेल्या माणसाचा पत्ता लागेना, की कुटुंब एखाद्या जाणत्या व्यक्तीकडे जाई. मग रात्रभर अंधारात जागर होई. स्पॅनिशमध्ये त्याला ‘वेलादा’ म्हणतात. जाणती व्यक्ती अळंबी खाऊन गात असे आणि त्या गाण्यातून दुखण्याचे कारण उलगडत असे. ख्रिस्ती संतांची नावे आणि जुन्या देवतांच्या आठवणी त्या गाण्यात एकत्र नांदत.

११/
अळंबी आणण्याचेही नियम होते. त्यातला एक असा, की तिचे गाठोडे झाकलेले हवे. वाटेत ती कोणाच्या नजरेस पडता कामा नये. १९५३च्या पहिल्या भेटीत वॉसन यांनाही ही झाकलेली बाजू उघडेना. लोक नम्रपणे बोलत आणि विषय टाळत. अखेर आऊरेलिओ कार्रेरास नावाच्या जाणत्याकडे त्यांनी आपल्या मुलाची खुशाली विचारली. मुलाची काळजी हे निमित्त होते. विधी पाहायला मिळावा, हा खरा हेतू होता. गाऱ्हाणे घेऊन आल्याशिवाय जागर होत नाही, हे ओळखूनच त्यांनी गाऱ्हाणे तयार केले होते.

१२/
१९५५ साली ते पुन्हा आले, या वेळी अॅलन रिचर्डसन या छायाचित्रकारासह. कचेरीतील अधिकारी कायेतानो गार्सिया वयाने पस्तिशीचे असावेत. वॉसन यांनी ‘तो’ शब्द उच्चारताच त्यांचा संकोच गेला. दुपारी त्यांनी पाहुण्यांना घराखालच्या घळीत नेले. तिथे उसाच्या चोयट्यांवर अळंबीचे ताटवेच्या ताटवे उगवले होते. पाहुण्यांनी ती खुडली, खोक्यात भरली आणि कायेतानो यांच्या माणसांसोबत ते गावातील एका स्त्रीच्या घरी गेले. तिचे नाव मारिया साबिना.

१३/
मारिया साबिना तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होत्या. दोन पती गमावलेल्या, अक्षरओळख नसलेल्या, फक्त मासातेक बोलणाऱ्या. शेतात राबून आणि किडुकमिडुक विकून त्यांनी मुले वाढवली होती. जाणती म्हणून पंचक्रोशीत त्यांचा लौकिक मोठा होता. त्यांच्या गाण्यात एकच घाट पुन्हा पुन्हा येई. आपण कोण आहोत हे त्या ओळीमागून ओळ सांगत जात आणि ऐकणाऱ्याला त्या लयीचा आधार वाटे.

१४/
त्या रात्री कायेतानो यांच्या घराच्या तळमजल्यावर जागर झाला. सुमारे वीस माणसे होती. अळंबी जोडीजोडीने दिली जाते. मारिया साबिना यांनी स्वतः १३ जोड्या घेतल्या आणि वॉसन व रिचर्डसन यांना सहा-सहा दिल्या. दिवा मालवला आणि पहाटेपर्यंत गाणे चालले. बाहेरच्या माणसांनी या विधीत अळंबी खाल्ल्याची ही पहिली लिखित नोंद.

१५/
छायाचित्रांना मारिया साबिना यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. ती फक्त विश्वासातल्या माणसांना दाखवायची. सगळ्यांना दाखवली तर तो विश्वासघात ठरेल. १३ मे १९५७च्या ‘लाइफ’ मासिकात वॉसन यांचा सचित्र लेख प्रसिद्ध झाला. ‘लाइफ’चा खप लाखोंच्या घरात होता. संपादकांनी मथळ्यात ‘मॅजिक मशरूम’ असे शब्द घातले आणि तेच जगाच्या तोंडी बसले.

१६/
लेखात मारिया साबिना यांना ‘एव्हा मेंडेझ’ म्हटले होते आणि डोंगरांचे व लोकांचे नावही बदलले होते. चेहरा मात्र छायाचित्रात होता. त्याच वर्षी वॉसन दांपत्याचा द्विखंडी ग्रंथ निघाला. त्याच्या फक्त ५१२ प्रती होत्या आणि किंमत १२५ डॉलर. विधीच्या ध्वनिमुद्रणाची तबकडीही निघाली, आणि तिच्या नावातच ‘मासातेक’ हा शब्द होता. असे झाकण फार दिवस टिकणे शक्यच नव्हते.

१७/
दरम्यान अळंबी प्रयोगशाळेत पोहोचली होती. १९५६च्या यात्रेत पॅरिसचे कवकशास्त्रज्ञ रॉजे एम सामील झाले. त्यांनी नव्या जातींना शास्त्रीय नावे दिली आणि काही जाती प्रयोगशाळेत वाढवल्या. ते नमुने स्वित्झर्लंडच्या बाझेल येथील सँडोझ कंपनीतील आल्बर्ट हॉफमन यांच्याकडे गेले. हॉफमन यांनी ३२ वाळलेल्या अळंब्या स्वतः खाऊन खात्री केली, आणि १९५८ साली त्यातील सक्रिय द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर झाले. त्याचे नाव सायलोसायबिन.

१८/
त्याच १९५६च्या यात्रेत जेम्स मूर नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. एका वैद्यकीय निधीकडून २,००० डॉलरचे अनुदान मिळवून देतो, असे सांगून ते सामील झाले. तो निधी म्हणजे सीआयएचा पडदा होता. मन ताब्यात ठेवणारी द्रव्ये शोधण्याच्या ‘एमके-अल्ट्रा’ प्रकल्पासाठी मूर काम करत होते. वॉसन यांना याचा पत्ता नव्हता, गावाला तर नव्हताच. जागराला बसलेल्या आजारी माणसांच्या शेजारी एका महासत्तेचा हेर बसून गेला.

१९/
१९६२ साली हॉफमन स्वतः वाउत्लात आले. त्यांनी मारिया साबिना यांना सायलोसायबिनच्या गोळ्या दिल्या. रात्रभर जागर झाला आणि पहाटे गोळ्यांत अळंबीचेच सामर्थ्य आहे, असे त्यांनी सांगितले. हॉफमन यांना आनंद झाला, आणि तो समजण्यासारखा आहे. पण या भेटीचा दुसराही अर्थ निघतो. गावाने दिलेले ज्ञान बाटलीत भरून गावाकडे परत आले होते, आणि त्याचे पेटंट बाझेलच्या कंपनीकडे होते.

२०/
साठच्या दशकात तरुणांची रीघ लागली. त्यांना मारिया साबिना हव्या होत्या, पण आजारी कोणीच नव्हते. अळंबीतून देव शोधायला आलो, असे ते सांगत. हे मारिया साबिना यांना चमत्कारिक वाटे. वॉसन येण्यापूर्वी केवळ देव भेटावा म्हणून अळंबी कोणी घेत नसे, ती दुखणे बरे करण्यासाठी घेतली जाई, असे त्यांनी पुढे सांगितले. पाहुणे दिवसाढवळ्या, रस्त्यावर, कोणताही नियम न पाळता अळंबी खाऊ लागले. गावात संताप वाढला.

२१/
१९६९च्या सुमारास सरकारने वाउत्लाकडे जाणारी वाट रोखली, सैनिक उभे केले आणि परदेशी तरुणांना हुसकावून लावले. मारिया साबिना यांच्यावर अमली पदार्थ विकल्याचा आळ आला आणि त्यांना चौकशीला सामोरे जावे लागले. त्यांचे गवती छपराचे घर कोणीतरी जाळले. कारण त्यांना कधीच नीट कळले नाही. पूर्वजांचे गुपित परक्यांना दिले म्हणून, असे काहींचे मत होते. १९७१च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात सायलोसायबिन सर्वांत कडक निर्बंधांच्या यादीत गेले.

२२/
मारिया साबिना यांनी आपली कहाणी आल्वारो एस्त्रादा या मासातेक लेखकाला मातृभाषेत सांगितली. ते पुस्तक १९७७ साली आले. वॉसन यांना होकार का दिला, याचे उत्तर त्यात आहे. गावच्या अधिकाऱ्याने आणलेल्या माणसाला नाही म्हणणे त्यांना शक्य नव्हते. पण लगेच त्यांनी हेही जोडले, की शिफारशीशिवाय पाहुणे आले असते तरी कदाचित आपण दाखवलेच असते, कारण त्यात वाईट काही नाही. परके आल्यापासून अळंबीचे बळ गेले, पूर्वीसारखी ती आता वर उचलत नाही, असेही त्या म्हणाल्या.

२३/
त्यांना केवळ फसवली गेलेली भोळी बाई ठरवणे म्हणजे त्यांच्यावर दुसरा अन्याय करणे होय. त्यांनी स्वतः निर्णय घेतला होता. त्या निर्णयाला एक अट होती. निर्णय दाखवण्याचा होता, छापण्याचा नव्हता. दोन्हींतील अंतर ज्याने ओलांडले त्यालाही ते कळले होते. १९७० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये वॉसन यांनी लिहिले, की हजारो वर्षांची एक धर्मपरंपरा संपुष्टात येण्यास आपणच कारण झालो. हा पश्चात्ताप खरा होता. पण तोवर लेख छापून १३ वर्षे झाली होती.

२४/
भारतीय वाचकांना वॉसन वेगळ्या कारणाने ठाऊक असतात. ऋग्वेदातील सोम म्हणजे एक लाल अळंबी होती, असा सिद्धांत त्यांनी १९६८च्या ग्रंथात मांडला. जॉन ब्रफ यांच्यासारख्या संस्कृतज्ञांनी त्याचा कडक प्रतिवाद केला आणि बहुतेक विद्वानांनी तो स्वीकारला नाही. त्या वादात झीज झाली ती फक्त कागदाची. सोमाची वाट दाखवायला कोणी जिवंत माणूस नव्हता. वाउत्लात होता. म्हणूनच तिथे चुकीची किंमत माणसांनी मोजली.

२५/
मारिया साबिना यांचे निधन २२ नोव्हेंबर १९८५ रोजी झाले. शेवटपर्यंत त्या गरीबच होत्या. आज त्यांची छबी सदऱ्यांवर आणि भिंतींवर दिसते, त्यांच्या गाण्यांची भाषांतरे वाचली जातात. सायलोसायबिनवर नैराश्याच्या उपचारांसाठी पुन्हा संशोधन सुरू झाले आहे. अळंबी दुखणे बरे करण्यासाठी असते, हे वाउत्लाचे जुने म्हणणे मोठा वळसा घालून दवाखान्यांत परतले आहे.

२६/
त्याच वाहाका राज्यात, सिएर्रा नोर्ते डोंगरात आठ गावांनी आपले रान सामाईक ठेवले आहे. त्यांपैकी ३,००० मीटरहून उंच वसलेल्या क्वाहिमोलोयास येथे पावसाळ्यात रानअळंबीची जत्रा भरते. ही खायची साधी अळंबी. पाहुणे गावच्याच वाटाड्याबरोबर रानात जातात. कोणती अळंबी खुडायची, कोणती सोडायची आणि कोणत्या वाटेने जायचे, हे गाव ठरवते. मिळकत गावात राहते. वाउत्लाला ही संधी मिळाली नव्हती. तिथे पाहुणा आधी आला आणि नियम ठरवायला वेळच उरला नाही.

२७/
अनोळखी ज्ञानाच्या शोधात जाणे हा अपराध नव्हे. तसे असते तर इतिहास आणि मानववंशशास्त्र ही शास्त्रेच उभी राहिली नसती. प्रश्न परतीच्या वाटेचा असतो. मासातेक लोकांचा नियम साधा होता : खुडा, हवी तेवढी घ्या, पण नेताना झाकून न्या. २९ जूनच्या दुपारी वॉसन यांनी घळीतून अळंबी नेली, तेव्हा खोके बंद होते. तो नियम त्यांनी त्या दिवशी पाळला. दोन वर्षांनी मोडला.